मी संगप्पाचा ताणकाटा

मी एक ताणकाटा. मंद्रूपच्या शिवारात संगप्पाच्या गोठ्यात, आढ्याला टांगलेला. सोलापूरच्या बाजारातून त्यानं मला आणलं, तेव्हा माझी स्प्रिंग कडक होती आणि खरं वजन सांगण्याचा मला फार गर्व होता.

सत्तर सालच्या पावसाळ्यात संगप्पानं दोन सारख्या पट्ट्या पेरल्या. एकीत नुसतं कडवळ, म्हणजे चाऱ्याची दाट ज्वारी. दुसरीत कडवळाच्या ओळींमध्ये चवळी. ती त्याच्या बायकोच्या, चन्नम्माच्या हट्टापायी. दोन्ही फुलावर येताच कापल्या, वाळवल्या. चवळीचा पाला चुरून झडू नये म्हणून चन्नम्मा ती सकाळच्या दहिवरातच उलथायची. मग पेंढ्या माझ्या आकड्याला लागल्या. नुसतं कडवळ जड भरलं.

"काटा काय खोटं बोलतोय व्हय?" संगप्पा म्हणाला.

"खोटं न्हाय. पर गव्हाणीत जनावरानं टाकलेलं बी तोला की."

तो हसला. पुढच्या वर्षी सगळ्या रानात नुसतं कडवळ पेरलं. वजन आणखी वाढावं म्हणून कापणीही लांबवली. धाटं निबर झाली. चन्नम्माच्या चवळीच्या वाट्याला बांधाकडच्या चारच ओळी आल्या.

बहात्तरला पावसानं पाठ फिरवली. दारात कडवळाची भली मोठी गंज होती, म्हणून संगप्पा निर्धास्त होता. तो दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, मागं चन्नम्मा वैरण घालायची. दोन्ही बैल शेंडे खायचे, बुडखे टाकायचे. चवळीची वैरण एकाच जनावराला पुरेल एवढी होती आणि गाय गाभण होती. चन्नम्मानं ती गाईला घातली. घालताना ती थोरल्या बैलाकडं पाठ करून उभी राहायची.

वैशाखात थोरला बैल बसला. चौघांनी पोटाखाली वासा घालून उठवला, तरी पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी गेला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संगप्पानं धाकट्या बैलाला दहा किलो कडवळ तोलून घातलं. संध्याकाळी गव्हाणीत उरलेलं गोळा करून पुन्हा मला अडकवलं. चार किलो भरलं. तो चन्नम्माकडं वळला.

"तुला ठावं हुतं," तो हळूच म्हणाला.

"ठावं असून मी तरी काय केलं?" चन्नम्मा म्हणाली. "बैल माझ्याच हातानं उपाशी ऱ्हायला की."

त्र्याहत्तरच्या पावसात धाकटा बैल शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपला आणि साऱ्या रानात कडवळ-चवळी पेरली. गाईचं वासरू जगलं होतं. त्या वैरणीच्या पेंढ्या मात्र माझ्यापर्यंत आल्याच नाहीत.

आता सहा-सात वर्षं झाली. माझी स्प्रिंग सैल पडलीय. काही न टांगताच मी दोन किलो दाखवतो. चारा निवडताना तुम्ही माझ्यासारख्या काट्याला जरूर विचारा, पण एकट्या त्यालाच विचारू नका, एवढीच विनंती. संगप्पा रोज माझ्याखालून येतो-जातो. मान वर करत नाही.