सहाव्या फेरीनंतर

शनिवारी दुपारी चार वाजता ऋषीनगरच्या त्या गच्चीवर तीन माणसं आणि एक इंजिन होतं. इंजिन दीड हात लांब. त्याच्या पोटात छोटा बॉयलर. त्याच्या वाफेवर डायनॅमो फिरायचा आणि त्या विजेवर चाकांची मोटर चालायची. शिवाय रुळांतूनही वीज देण्याची सोय होती. दोन्हींपैकी जी वीज जोरात असेल, ती मोटरला मिळायची.

कल्पना जुनी होती. विजेच्या रेल्वेमार्गावर मध्येच तारेचा एखादा तुकडा बिनविजेचा असतो. गाडी तो आधीच्या वेगावर पार करते. मधुकरराव नेवासकर इंजिन चालवायचे तेव्हा अशा तुकड्यावर त्यांचा असिस्टंट विनायक दर वेळी म्हणायचा, "उस्ताद, आपली स्वतःची एक वाफेची किटली असती तर?" मधुकरराव आता एकोणऐंशी वर्षांचे होते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, हाताला बारीक काम द्या. तेव्हा दोघांनी किटली बनवायला घेतली.

आज मात्र हौस नव्हती, पैज होती. मधुकररावांच्या बायकोच्या, अलकाताईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन बुधवारी इंदूरला ठरलं होतं. आधीच्या दोन तारखा त्यांनीच रद्द केल्या होत्या, कारण मागे नवऱ्याला बघणार कोण? मुलगी श्रुती इंदूरलाच राहायची. बाबांनाही घेऊन ये, खालची खोली रिकामीच आहे, असं ती सांगून थकली. मधुकररावांचं उत्तर ठरलेलं: जावयाच्या घरी दीड महिना राहणार नाही. मी इथे एकटा राहीन.

"आणि गॅस कोण लावेल?" अलकाताई विचारायच्या. "त्या हाताने?"

शेवटी अलकाताईंनीच सुचवलं. उजव्या हाताने इंजिनाला पाणी द्यायचं, आच सांभाळायची आणि निव्वळ वाफेवर दहा फेऱ्या पूर्ण करायच्या. जमलं, तर त्या मुकाट्याने ऑपरेशनला जातील. नाही जमलं, तर तारीख पुढे.

अठरा पायऱ्या चढायला अलकाताईंना दहा मिनिटं लागली. खुर्चीवर बसून त्या मटार सोलू लागल्या. फेरीला एक दाणा बाजूला. रुळांच्या विजेचा डबा त्यांच्या उजव्या हाताशी होता. बटण शून्यावर.

"वहिनी, बटणाला हात नाही हं," विनायक म्हणाला. देवास गेटवरून येताना तो अर्धा तास गर्दीत अडकला होता, पण कचोऱ्या गरम होत्या.

"भाऊजी, तुम्ही कचोरीला हात लावू नका, मी बटणाला लावत नाही."

वाऱ्याकडच्या बाजूला भैरवगढच्या छापाची जुनी चादर बांधली होती. दाब चाळीस पौंडांवर आला. मधुकररावांनी वाफ सोडली. डायनॅमो बारीक सुरात गाऊ लागला आणि इंजिन निघालं.

तीन फेऱ्यांनंतर थांबून पाणी द्यायचं होतं. पिचकारीने, थोडं थोडं. पहिल्या वेळी जमलं. अंगठा थरथरला, पण जमलं. "बढिया, उस्ताद!" विनायक ओरडला.

सहा फेऱ्यांनंतर पुन्हा थांबा. या वेळी तीन बोटांनी ऐकलं नाही आणि पिचकारी एका झटक्यात रिकामी झाली. इतकं गार पाणी एकदम गेल्यावर काय होतं, हे त्या गच्चीवर तिघांनाही ठाऊक होतं. दाबाचा काटा पडू लागला.

तरी इंजिन निघालं. "सात!" विनायक जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. "आठ!" आता तो आकाशाकडे बघत होता. अलकाताई मान खाली घालून मटार सोलत होत्या, एकाच हाताने.

दहावी फेरी पुरी झाली. विनायकने टाळ्या वाजवल्या. मधुकररावांनी वाकून काटा पाहिला.

"विन्या, डायनॅमो ऐकू येतोय तुला?"

"माझे कान आता कुठे राहिलेत, उस्ताद."

"काटा शून्यावर आहे. शून्यावर चार फेऱ्या. इंजिन शेडला कळवायला पाहिजे." ते अलकाताईंकडे वळले. "काय गं?"

"वाऱ्याने फिरलं असेल बटण."

"चादर बांधल्ये तिकडे."

अलकाताईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "मग काय करू? तुमचा चेहरा बघवेना. भाऊजींच्या समोर."

"पण मग तुला जावं लागलं असतं. मला एकट्याला टाकून."

"लागलं असतं," त्या म्हणाल्या. "रडत गेले असते."

मग मधुकररावांनी चार दाणे उचलून परत टोपलीत टाकले. "सहा झाल्यात. बटण शून्यावर घे."

इंजिन थांबलेलंच राहिलं. खाली आच चालू होती. विनायक काट्याशी डोळा लावून बसला. पाच मिनिटांनी म्हणाला, "दहा पौंड. चढतंय, उस्ताद! थोडा सबर करा, उरलेल्या चार आरामात निघतील."

मधुकरराव त्याच्याकडे बघत नव्हते. अलकाताई गुडघ्यांवर दोन्ही तळवे ठेवून बसल्या होत्या. जिना उतरायचा आहे हे आठवलं की त्या तशाच बसायच्या.

"अलका," ते म्हणाले, "मदत पाहिजे."

"कशाला? वीज देऊ?"

"इंजिनाला नाही. मला."

काटा वीसवर गेला. डायनॅमो गुणगुणू लागला, चाकं किंचित हलली. "अहो चालतंय ते!" विनायक ओरडला. "सोडा ना!"

मधुकररावांनी वाफ बंद केली. "विसरलास? गाडी अडकली आणि एकदा मदत मागितली, की मग इंजिन सुधारलं तरी हलायचं नाही. मदत येईपर्यंत जागेवर. पुढून दुसरं इंजिन येत असतं."

"उस्ताद, ते मेन लाइनवर. ही गच्ची आहे!"

"नियम नियम आहे." मग बायकोला म्हणाले, "श्रुतीला फोन लाव. तिला म्हणावं, मंगळवारी दोघं येतोय. ती खालची खोली."

अलकाताईंनी फोन काढला, पण लावला नाही. "तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी म्हणाल, परत जातो."

"नाही म्हणणार."

"जावयाने चहा दिला तर घ्याल?"

"साखर कमी असेल तर."

"बघा हं. भाऊजी साक्षीला आहेत."

"मी कचोरी खाऊ का आता?" विनायकने विचारलं.

"खा," अलकाताई म्हणाल्या आणि फोन लावला. घंटी वाजत असताना त्यांनी दुसरा हात पुढे केला. मधुकररावांनी तो उजव्याच हाताने धरला. बोटं पुरती मिटत नव्हती. अलकाताईंनी ती मिटवून घेतली.

"श्रुती," त्या म्हणाल्या, "ऐक. तुझे बाबा बोलणार आहेत. मध्ये बोलू नकोस, नाही तर विचार बदलतील."