दोन हजार पाचशे दहा

यंत्राने आकडा दाखवला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन हजार पाचशे दहा. परवा याच वेळी तो अठराशे चाळीस होता.

मी नमुना पुन्हा लावला. अर्ध्या तासाने दोन हजार चारशे शहाण्णव आला. एवढा फरक यंत्राचा असतो. बाकीची वाढ खरी होती.

रक्त माझ्या वहिनीचं होतं आणि आकडा गर्भामुळे रक्तात येणाऱ्या संप्रेरकाचा. तिचा दीड महिन्याचा गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला होता. असा गर्भ जगत नाही. तो वाढतो, नळी ताणत जाते आणि एक दिवस फुटते. तीन वर्षांपूर्वी वहिनीची उजवी नळी अशीच फुटली आणि काढावी लागली. आता डावीची पाळी होती, आणि तिसरी नळी कुणालाच नसते.

यावर एक इंजेक्शन आहे. वाढणाऱ्या पेशी त्याने थांबतात, गर्भ हळूहळू विरघळतो आणि नळी बहुतेक वेळा वाचते. मात्र ते आकडा लहान असतानाच द्यावं लागतं. चार-पाच हजारांच्या पुढे त्याचा भरवसा कमी होतो. ते औषध आमच्याच रुग्णालयात, माझ्या प्रयोगशाळेच्या बरोबर खाली, औषधालयातल्या लोखंडी कपाटात होतं. कर्करोगाच्या आणि सांध्यांच्या रुग्णांसाठी ठेवलेलं. कपाटाची किल्ली माझ्या सख्ख्या मावशीच्या कमरेला असायची. मावशी नन आहे. बावीस वर्षं औषधालय तिच्याकडे होतं. तिच्या हातांची बोटं सांध्यांच्या आजाराने वाकडी झाली आहेत, आणि तेच औषध ती दर सोमवारी स्वतः टोचून घेते.

पण रुग्णालय नन्सचं होतं आणि त्यांचा नियम स्पष्ट होता. जिवंत गर्भाला मारण्यासाठी काहीही द्यायचं नाही. नळी कापून काढली तर चालतं, कारण तो इलाज आजारी नळीवर होतो, गर्भ तिच्याबरोबर जातो एवढंच. औषध थेट गर्भावर काम करतं, म्हणून ते पाप. मी हा युक्तिवाद एकदा कागदावर मांडून पाहिला होता. दोन्ही रकान्यांत गर्भ शून्य. एका रकान्यात नळी एक, दुसऱ्यात तीही शून्य.

आमच्या बेटावर दुसरं रुग्णालय नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर सरकारी आहे. एरवी बोटीने दोन तास. पण वाऱ्यामुळे बोट तीन दिवस बंद होती आणि आणखी तीन दिवस तरी सुटणार नाही असा फलक धक्क्यावर लागला होता. जीव धोक्यात असेल तरच हेलिकॉप्टर मिळे.

"म्हणजे फुटेपर्यंत थांबायचं, आणि फुटली की फोन करायचा," दादा म्हणाला. तो दोन दिवस वॉर्डबाहेरच्या त्याच खुर्चीवर बसून होता.

परवा डॉक्टरबाईंनी फादरांना विचारलं होतं. फादर रुग्णालयाच्या समितीवर आहेत. वयस्कर, मऊ बोलणारे, कुणाचंही अंथरूण ओलं झालं तर स्वतः चादर आणून देणारे. ते बराच वेळ विचार करून म्हणाले होते, "दोन दिवसांनी आकडा पुन्हा बघा. उतरला, तर गर्भ जगत नाहीये असं धरता येईल. मग औषधाला माझी हरकत नाही."

सगळे माझ्या आकड्याची वाट बघत होते ते यासाठी.

मी अहवाल टाइप करायला बसले तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. नोकरीला लागताना असं औषध लिहून देणार नाही अशी सही त्यांनी केली होती. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"चढलाय," मी म्हटलं. "पण हवा तेवढा नाही. निरोगी गर्भ असता तर याहून जास्त चढला असता."

"ते मला कळतं आणि तुला कळतं. फादरांना चढ आणि उतार दोनच गोष्टी कळतात." त्या टेबलाला टेकल्या. "यंत्रालाही कधी सर्दी होते, नाही?"

"दोनदा लावलं."

"टाइप करताना चुका होतात. माणूस दमतो. दोनच्या जागी एक पडतो."

दोनच्या जागी एक. पंधराशे दहा. अठराशे चाळीसवरून पंधराशे दहा, छान उतार.

"माझ्या नाही होत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या अवघड पेशंटकडे बघावं तसं. "नाही, तुझ्या नाही होत," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

लहानपणापासून घरात मला मापटं म्हणतात. दूध, तांदूळ, भावंडांच्या वाट्याची बर्फी, सगळं मी मोजायचे. मोजायला मला मावशीनेच शिकवलं. सुट्टीत औषधालयात बसवून तिने मला तराजू दिला होता. म्हणाली होती, काटा थांबल्याशिवाय वाचायचं नाही, आणि वाचलं ते लिहायचं, आवडलं ते नाही.

मी दोन हजार पाचशे दहा लिहिलं आणि सही केली.  एक प्रत फादरांकडे पाठवली, एक घेऊन वॉर्डात गेले.

वहिनी उशीला टेकून बसली होती. दुखणं फारसं नव्हतं, म्हणून तिला पडून राहण्याचा कंटाळा आला होता.

"काय म्हणतंय आमचं मापटं?"

मी सांगितलं. तिने मान हलवली, जणू बोट सुटली नाही एवढीच बातमी होती.

"आता कापणार?"

"फादर तेच म्हणतील."

"पहिली काढली तेव्हा सगळे म्हणत होते, अगं अजून एक आहे ना. जसा काही मोजा हरवला होता." ती हसली, मग हसू तिथेच थांबलं. "ह्या वेळी काय म्हणतील गं?"

 माझ्या हातात खरा कागद होता आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

फादरांचा निरोप बाराच्या आत आला. त्यांना फार वाईट वाटत होतं. औषध देता येणार नाही. शस्त्रक्रियेला आडकाठी नाही. दुपारी चारची वेळ ठरली.

मी जिना उतरून औषधालयात गेले. मावशी खिडकीशी बसून गोळ्या मोजत होती, पाच-पाचच्या ढिगाने, वाकड्या बोटांनी पुढे सरकवत. मी प्रत तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"दोनदा लावलंस?"

"दोनदा."

"हं." ती पुन्हा मोजायला लागली आणि मध्येच चुकली. तिला चुकताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिने सगळे ढीग एकत्र केले.

"डॉक्टरबाई येऊन गेल्या," ती म्हणाली. "म्हणत होत्या, सिस्टर, कुप्या काचेच्या असतात, पडतात, फुटतात. वहीत लिहून टाका."

"मग?"

"फुटल्या नाहीत तर फुटल्या कशा लिहू?"

 भिंतीवर क्रूस आणि त्याच्या खाली तापमानाचा तक्ता. मला वाटलं, या खोलीतून बाहेर जायला एकच दार आहे आणि त्याच्यासमोर आम्ही दोघीच बसलो आहोत.

"मावशी, एक आकडा बदलला असता तर झालं असतं," मी म्हटलं. "मी नाही बदलला."

"माहीत आहे."

"तू मला ओरड तरी."

"कशाबद्दल ओरडू? मीच शिकवलंय ना." तिने गोळ्या बरणीत ओतल्या आणि झाकण लावलं. तिला ते घट्ट बसवता येत नाही. मी बसवलं. मग ती म्हणाली, "उंची किती तिची?"

मला आधी कळलंच नाही.

"एकशे साठ. वजन अठ्ठावन्न."

तिने पाठकोऱ्या कागदावर मात्रेचं गणित केलं. मला तोंडपाठ होतं तरी मी तिला पुरं करू दिलं.

"ऐंशी मिलिग्रॅम," ती म्हणाली.

"ऐंशी."

"यकृत, मूत्रपिंड?"

"परवाच तपासलंय. ठीक आहे."

"फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेत असेल, बाळ हवं म्हणून. त्या बंद करायला सांग, नाहीतर औषध वाया जाईल." तिने कमरेची किल्ली काढली. कुलूप तिला नेहमीच जड जायचं. मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. "तू नको. तू काही केलेलं नाहीस, तसंच राहू दे."

ती वॉर्डात गेली. मी मागे होते. तिने पडदा ओढला आणि वहिनीच्या पलंगावर बसली, जे नन्स सहसा करत नाहीत.

"चार वाजता ते नळी काढतील," ती म्हणाली. "हे औषध घेतलंस तर बहुतेक काढावी लागणार नाही. बहुतेक म्हणतेय, नक्की नाही. समितीने नाही म्हटलंय. मी कुणाला विचारलेलं नाही. आता तुला काय हवं ते तू सांग."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला नळी हवीय, मावशी."

दोन कुप्या, दोन सुया, दोन्ही बाजूंना एकेक. मावशीची बोटं वाकडी असली तरी सुई सरळ गेली.

मग ती खाली आली आणि तिने वही उघडली. बावीस वर्षांत त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. तिने तारीख लिहिली, कुप्या दोन, रुग्णाचं नाव, मात्रा. कारणाच्या रकान्यात कारण लिहिलं. कुणाच्या आज्ञेने या रकान्यात स्वतःचं नाव, आणि देणाऱ्याच्या रकान्यातही. शाई वाळेपर्यंत थांबली. मग वही आणि किल्ली दोन्ही घेऊन मदर सुपीरियरच्या खोलीकडे गेली. जिन्यात प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

चारची शस्त्रक्रिया झाली नाही. चौथ्या दिवशी आकडा दोन हजार सातशे नव्वद होता. असा आधी चढतो, हे पुस्तकात आहे. मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. सातव्या दिवशी एकोणीसशे तीस. सहा आठवड्यांनी यंत्र त्याला मोजण्यासारखं काही नाही म्हणालं. वहिनीची नळी शाबूत आहे. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. अहवालाचा विषय आम्ही दोघी काढत नाही.

मावशीकडे आता धुलाईघर आहे. ती चादरींच्या घड्या घालते. सोमवारी नवीन सिस्टर तिला तेच इंजेक्शन त्याच कपाटातून देते. त्याला कुणाची हरकत नाही.

मी तिथे तिला एकदा विचारलं, "कन्फेशनला गेली होतीस?"

"तीनदा." चादरीचं दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं. "फादर बिचारे म्हणतात, नुसतं मनापासून म्हणा की पश्चात्ताप होतो, पुन्हा करणार नाही. मी म्हटलं, फादर, वाईट रोज वाटतं. पण ती पोर उद्या परत तशी आली तर मी परत तेच करीन. मग त्यांना माफी देता येत नाही. बरोबर आहे त्यांचं."

"नियमच चुकीचा आहे, मावशी."

"तसं वाटलं असतं तर सोपं होतं गं. मला नियम बरोबर वाटतो." तिने घडी मांडीवर सपाट केली. "आणि केलं तेही."

घरी येताना मी हिशेब मांडला, कागदाशिवाय. मी पंधराशे दहा लिहिलं असतं तर ते खोटं बोलणं झालं असतं. खोटं बोलल्याचं मला खरोखर वाईट वाटलं असतं. फादरांनी त्याच शनिवारी मला माफ केलं असतं, आणि मावशी औषधालयातच असती.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला आम्ही एकाच बाकावर बसतो. मावशी कडेला, कारण तिला पाय लांब करावे लागतात, मग मी, मग वहिनी आणि दादा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागली की बाकामागून बाक रिकामा होतो. मावशी उठत नाही. उठली असती तरी फादरांनी तिला परत पाठवलं नसतं, असं मला वाटतं. पण माफी मिळाल्याशिवाय तो घेण्याचा हक्क नाही हे तिला माहीत आहे, आणि ती त्याप्रमाणे वागते.

पहिल्या रविवारी मीही बसूनच राहिले. वहिनी आणि दादा माझ्यामागे अडकून उभे होते.

मावशीने दोन्ही हातांनी आपले गुडघे उचलल्यासारखे बाजूला घेतले, वाट करून दिली.

"जा," ती हळूच म्हणाली. "तू काही केलेलं नाहीस. मागची माणसं थांबलीत."

मी तिच्या गुडघ्यांना धक्का न लावता बाहेर पडले आणि रांगेत उभी राहिले.