चार अक्षरांपुरती जागा

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. माझा जन्म जपानातला. एका लांबलचक साहसकथेच्या मालिकेतला मी तिसरा भाग. माझ्या पोटात एक राज्य, एक राक्षस आणि चार वाटसरू आहेत. खेळणारा कुठवर पोचला हे लक्षात ठेवायला बटणाएवढा एक सेलही आहे.

१९९३ साली मालवाहू जहाजावर काम करणाऱ्या प्लासिडनी मला वसईच्या पाचूबंदरात आणलं, आपल्या दहा वर्षांच्या सालोमीसाठी. नायकाला नाव द्यायचं होतं आणि माझ्याकडे जागा चारच अक्षरांची. बंदरांवरच्या पाट्या वाचून प्लासिडना जपानी अक्षरं थोडीफार येत. त्यांनी नाव लिहून वाचून दाखवलं: सारोमी. लेक रुसली.

"त्यांच्यात 'ल' नाय गो," प्लासिड म्हणाले. "जपानात तू सारोमीच."

घरातही मग तेच नाव पडलं.

बापलेक खेळत ते फक्त सुट्टीत. प्लासिड जहाजावर गेले की सालोमी मला हातही लावत नसे. त्यामुळे अकरा वर्षांत तो राक्षस काही मेला नाही. दोघं त्याच्या दारापर्यंत पोचायचे, उद्या मारू म्हणायचे आणि सुट्टी संपायची. शिवाय दर वेळी फुंकर मारमारून मला बेजार करायचे ते वेगळंच. मित्रांनो, फुंकरीनं धूळ उडते, पण गंज चढतो.

२००४ साली प्लासिड कायमचे घरी आले आणि येताना नवं यंत्र आणि मालिकेचा नववा भाग घेऊन आले, चकचकीत चकतीवरचा. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याचा खेळ पाहिला आणि तो मावळला. माझा समुद्र म्हणजे हलणाऱ्या तीन निळ्या रेघा. त्याच्या समुद्राला लाटा होत्या, फेस होता. हाडाचे कोळी असलेले प्लासिड म्हणाले, पाण्यावरून वारा कुठला ते कळतंय. माझे वाटसरू ठिपक्यांचे; त्याचे बोलत, हसत, रडत. मी मनोमन हात जोडले.

एकच गोष्ट तिथे नव्हती. त्या नायकाला सगळे नावानं हाक मारत, म्हणून ते नाव बदलता येत नव्हतं. सालोमीनं पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. मग तिनं मला कपाटातून काढलं.

खेळ साठवायच्या माझ्या तीन खणांपैकी दोन रिकामे झाले होते. तिसऱ्यात सारोमी तेवढी उरली होती. गोखिवऱ्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या प्रल्हादनी सांगितलं की सेल संपत आलाय. नवा घातला तर आतलं सगळं पुसलं जाईल, नाही घातला तरी आज ना उद्या जाणारच.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून दोघं खेळायला बसले. तीनदा हरले. मी जीव मुठीत धरून होते. चौथ्यांदा राक्षस कोसळला आणि राजानं वीर सारोमीचे आभार मानले. प्लासिडनी ती ओळ मोठ्यानं वाचली. पुढची त्यांना वाचता येईना.

सोमवारी प्रल्हादनी सेल बदलला. मी कोरी झाले. फार वाईट वाटलं मला.

घरी आल्यावर सालोमीनं नव्या नायकाचं नाव लिहिलं. या वेळी चारही जागा भरल्या. प्लासिडनी एकेक अक्षर जुळवत वाचलं: पुराशिदो.

"हा तर मीच," ते म्हणाले.

"पप्पा, आता तू चाल पुढे," सालोमी म्हणाली.

मित्रांनो, नवे भाग जरूर खेळा. ते माझ्याहून देखणे आहेत. पण आम्हा जुन्यांचा सेलही वेळेवर बघा, फुंकर मारू नका, आणि सोबत खेळणारं माणूस घरी असेल तर राक्षसाला उद्यावर ठेवू नका.