तीन पावलं मागे

"हा कोट घाल, रामू. आबासाहेबांचा आहे, सांभाळून."

रमाकांतने कोट पुढे केला आणि रामू वायंगणकरने हात मागे घेतले. गणपतीत नकला करून अख्ख्या लालबागला लोळवणारा हा माणूस. मिलमध्ये मुकादमाच्या खुर्चीला खाजकुयली लावून वर त्यालाच "काय झालं हो?" विचारणारा. आज शोकसभेच्या मांडवामागे त्याचेच दात वाजत होते.

चाळीचे पुढारी आबासाहेब जाऊन बारा दिवस झाले होते. त्यांचा उजवा हात रमाकांत. त्याचं फर्मान होतं की साहेबांचं छप्पन सालचं भाषण रामूने त्यांच्याच आवाजात म्हणायचं. मग चौकाला साहेबांचं नाव द्यायचा ठराव.

"रमाकांतशेठ, घसा बसलाय हो माझा."

"सकाळी नळावर तर रेड्यासारखा ओरडत होतास! आणि ऐक, नुसतं भाषण. गणपतीत शेवटी जे करतोस ते केलंस ना, तर तंगड्या मोडून हातात देईन."

गणपतीत रामू शेवटी छातीवर मूठ आपटून त्या भाषणाचं शेवटचं वाक्य गरजायचा, "मी पुढे आहे, तुम्ही या!" आणि पाय मात्र मागे. एक, दोन, तीन पावलं, की पडद्याआड गडप! चाळ हसून आडवी व्हायची. कारण छप्पन साली त्या भाषणानंतर मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा हेच घडलं होतं. पोलिसांनी बंदुका उचलल्या आणि साहेब नाक्यावरच्या दवाखान्याच्या मागच्या दाराने पसार झाले. पुढे राहिला तो तळमजल्यावरचा कोंडीराम. तो परत आला नाही.

साहेब होते तोवर स्वतःच पहिल्या रांगेत बसून ही नक्कल बघायचे, मोठ्याने हसायचे. मेलेल्या माणसाला हसता येत नाही, हीच तर पंचाईत होती.

निघताना बायको रखमाने बजावलं होतं, "माका भ्या वाटता हां. चाळीत नळ त्येंनीच हाडलो, बालवाडी त्येंचीच. पाणी भरतंव मा आपण? गुमान बोलान ये."

तेही खोटं नव्हतं. आबासाहेबांच्या नळाचं पाणी रामूच्या पोटात होतं.

रामू मंचावर आला. पहिल्या रांगेत कोंडीरामची राधा बसली होती. ठरावाला अनुमोदन तिच्याकडून घ्यायचं होतं. रामूने कोटाची बटणं लावली. तोंड उघडलं आणि आवाज आला तो थेट आबासाहेबांचा. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या.

"मी पुढे आहे, तुम्ही या!"

संपलं भाषण. पण तीन गणपतींची सवय पायांत भिनलेली. उजवी टाच आपोआप उचलली गेली. रामूने ती दाबून धरली. कोटातून घाम निथळायला लागला. मंचाखाली रमाकांत बाह्या सरसावून उभा.

तेवढ्यात राधा उठली.

"थांबलास का रे, रामू?"

"संपलं गं वहिनी. एवढंच होतं."

"एवढंच नसतं. दरसाल दार लावून आतून ऐकते मी. आधी आवाज, मग तुमचं हसणं. पावलं कधी बघितली नाहीत. दाखव."

"राधाबाई, खाली बसा!" रमाकांत ओरडला.

ती बसली नाही. रामूने एकदा रमाकांतच्या मनगटांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

मग त्याने पाऊल मागे टाकलं. एक. दोन. या खेपेला कुणी हसलं नाही. तीन.

पडद्याआड रामू मटकन खाली बसला. कोट काढायला गेला, तर बटणं बोटांना सापडेनात. मंचाच्या पायऱ्यांवर रमाकांतच्या चपला वाजत होत्या.

त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं. मंचावरची पुढची जागा रिकामी होती. राधा अजून उभीच होती, त्या जागेकडे बघत, कोंडीरामची दिवसपाळी सुटल्यावर दारात उभी राहायची तशी.