बाटली पायरी उतरत नाही

हळू, मित्रांनो, हळू! असं मानेला धरून उचलू नका मला. मी एक जुनी गोटी सोड्याची बाटली आहे. रंग फिकट हिरवा, गळा आवळलेला आणि त्या गळ्यात काचेची एक गोटी. ती गोटी बाहेर कशी काढायची, हे मात्र कृपा करून विचारू नका. मला फोडल्याशिवाय ती निघत नाही. गोटीच्या हौसेपायी माझ्या कितीतरी बहिणींचा चुराडा झालेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. आता बाटलीला डोळे कुठले, असं म्हणाल तर म्हणा. मी पाहिलं आहे एवढं खरं.

ज्या साली आपला जालना जिल्हा झाला, त्याच साली मी वडीगोद्रीला आले. म्हणजे जिल्हा आणि मी एका वयाचे. जिल्ह्याचा तेव्हा केवढा गाजावाजा झाला म्हणे! माझं स्वागत मात्र राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासून झालं. सगुणाबाई नावाच्या बाईंचं हमरस्त्याच्या कडेला सोड्याचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे दगडी पायरी, पायरीच्या आत एक लांब बाकडं. आतल्या अंगाला सोड्याचं यंत्र. बाई मला त्यात अडकवायच्या, दांडा गरागरा फिरवायच्या, आणि पोटात गॅस भरला की माझी गोटी धावत येऊन तोंडाशी बसायची. मग कुणीतरी अंगठ्याने ती आत दाबायचं. फस्सकन आवाज व्हायचा! त्या आवाजासाठी मी जन्मले, असं मला वाटायचं.

साधा सोडा तर कुणीही करतो. सगुणाबाईंचं नाव होतं ते कवठाच्या सोड्यासाठी. त्यांच्या बांधावर कवठाचं एकच झाड. महाशिवरात्रीच्या सुमाराला फळं पिकायची. बाई गर काढायच्या, गुळात कालवायच्या, फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळायच्या आणि आमच्या पोटात भरायच्या. आंबट, गोड, वर गॅसचा झिणझिणाट! झाड एक, त्यामुळे माल थोडा. पाडव्याच्या आधीच सगळं संपायचं. म्हणून त्या दिवसांत तीर्थपुरीपासून, अंबडपासून शौकीन लोक वास काढत यायचे.

पण नुसतं येऊन "कवठाचा आहे का?" असं विचारायची सोय नव्हती बरं का. या दुकानाची एक रीत होती, आणि ती सांभाळायचं काम रामकिसन या शेतकऱ्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणी नेमलं नव्हतं त्याला. बाकड्याचं टोक हीच त्याची कचेरी. आल्या आल्या कवठाचं नाव काढायचं नाही. आधी बसायचं, साधा सोडा घ्यायचा, पाऊसपाण्याचं, मोसंबीचं बोलायचं. मग बाई आपणच विचारणार. एका माणसाला एकच. माल कमी असला तर आधी बाहेरगावच्याला. आणि सगळ्यात मोठी रीत म्हणजे बाटली दुकानाची पायरी उतरत नाही. इथेच प्यायची, दुकानदारासमोर, आणि रिकामी करून हातात द्यायची. आमच्यासारख्या बाटल्या मिळणं अवघड झालं होतं, म्हणून ही रीत पडली होती. एकदा एक ट्रकवाला मला घेऊन गाडीत चढायला निघाला, तर रामकिसन चाकापुढे आडवा उभा राहिला. "ड्रायव्हरसाब, ट्रक न्या, बाटली ठिवा," म्हणाला. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

तर मित्रांनो, आमची अशी ऐट चालू असताना एका वर्षी गिरिधरराव आले. अंबडच्या कोर्टात ते कारकून होते. बारीक अंगाचे, चष्मेवाले, आणि भिडस्त म्हणजे किती भिडस्त! बाकड्यावर बसायलासुद्धा बाकड्याची परवानगी विचारतील असे. कामानिमित्त ते वडीगोद्रीला आले, रीतसर बसले, कवठाचा सोडा प्यायले आणि खूश होऊन गेले. इथवर सगळं छान होतं.

घरी जाऊन त्यांनी एक उद्योग केला. जेवताना बायकोपुढे त्या सोड्याचं तोंड भरून वर्णन केलं. बायको प्रेमला, तिला दिवस गेलेले. पहिलटकरीण. तिच्या पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हतं. भात उलटून पडे, दूध उलटून पडे. गिरिधररावांच्या आई, रमाबाई, रोज नवं काहीतरी करून थकल्या होत्या. पोरगी पार वाळून गेली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, हिच्या पोटात काहीतरी राहिलं पाहिजे. ती प्रेमला त्या रात्री पहिल्यांदा आपणहून म्हणाली, "मला तो सोडा पाहिजे." रमाबाईंनी दुसऱ्या दिवशी कवठाची चटणी केली. ती काही पोटात टिकली नाही. "फस्स होणारा पाहिजे," प्रेमला म्हणाली आणि रडायला लागली. हे सगळं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

पुढच्या शनिवारी कोर्ट सुटल्यावर गिरिधरराव एसटीने आले. पिशवीत माझ्या मापाचा टॉवेल गुंडाळून आणलेला. बसले, साधा सोडा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले. बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. रामकिसन म्हणाला, "घ्या पाव्हणं. तुमच्यासाठी आमी थांबलो." सगळं बाकडं कौतुकाने त्यांच्याकडे बघायला लागलं. आता गावभरच्या बाप्यांसमोर बायकोच्या डोहाळ्यांची गोष्ट काढायची कशी? आणि पायरीची रीत मोडायची कशी? गिरिधररावांनी एकदा पायरीकडे बघितलं, एकदा रामकिसनकडे बघितलं, गोटी दाबली आणि मला घटाघटा पिऊन टाकलं.

घरी प्रेमलाने विचारलं, "आणला?"

"प्यायलो," गिरिधरराव म्हणाले.

तुम्ही हसताय, पण त्या घरात त्या दिवशी कुणी हसलं नाही. रमाबाई लेकाशी धड बोलल्यासुद्धा नाहीत. आणि कहर म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा तेच! बसले, बोलले, सगळ्यांनी बघितलं, प्यायले. ढेकर आली तशी रामकिसनने खुशीने मांडी थोपटली. "पाव्हण्याला मानवला बरं सोडा!" बिचाऱ्या गिरिधररावांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. मला त्यांचा राग यायला लागला होता. माझ्यातला एवढा गोड घोट पिऊन माणूस असं तोंड करतो? माझा अपमानच की हा!

मग तो दिवस उगवला. झाडावरची कवठं संपली. सगुणाबाईंनी सकाळीच सांगितलं, "आज ही शेवटची भरली. आता पुढच्या साली." ती शेवटची बाटली म्हणजे मी. दुपार कलली तशी बाकड्यावर गर्दी झाली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, पण रीत म्हणजे रीत, नाव कुणीच काढेना. तेवढ्यात एसटी थांबली आणि गिरिधरराव उतरले.

"आले बगा पाव्हणे," रामकिसन म्हणाला. जिभेवर पाणी सुटलं होतं त्याच्या, तरी हात जोडून म्हणाला, "आधी बाहेरगावच्याला. द्या बाई त्यान्ला."

मी त्यांच्या हातात गेले. अंगठा गोटीवर आला. पण दाबला जाईना! चष्म्याखालून टपकन एक थेंब माझ्या अंगावर पडला.

"काय झालं भाऊ?" सगुणाबाई पुढे आल्या.

"ताई, मला हा नको," गिरिधरराव म्हणाले.

सगळं बाकडं ताठ झालं. शेवटची बाटली, ती पाहुण्याला दिलेली, आणि पाहुणा म्हणतो नको! रामकिसन उठून उभा राहिला. "नको? आमी समदे तोंडाला कुलूप लावून बसलो, आन् तुम्ही नको म्हंता? आमच्या दुकानात काय खोट निंगाली का?"

"खोट नाही हो! बायकोला दिवस आहेत. तिला हा पाहिजे. हाच पाहिजे. दुसरं काही पोटात राहतच नाही तिच्या." एका दमात बोलून गिरिधरराव लाल झाले.

रामकिसन परत बाकड्यावर टेकला. मग त्याने हळूच विचारलं, "मंग इतके दिवस तुम्ही काय करून राह्यले?"

"पीत होतो."

असा हशा उसळला की छपराचे पत्रे वाजले! कुणी पोट धरलं, कुणी एकमेकांना टाळ्या दिल्या. "तरीच म्हनलं, ह्यो मानूस सोडा पिऊन रडका का दिसतो!" सगुणाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. पण हसणं ओसरलं तशा त्या चिडल्या. "एका सबुदानं सांगायला काय झाल्तं? ते लेकरू उपाशी, आन् तुम्ही हितं ढेकरा देता! आन् तुमी रं, बाकड्यावरचे? रीत रीत करता, एकानं तरी इचारलं का, पाव्हण्याचं तोंड का उतरलं म्हनून?"

बाकडं खाली बघायला लागलं. एकजण म्हणाला, "तांब्यात वतून द्या की." बाई म्हणाल्या, "तांब्यात वतला की झालं शरबत. पोरीला फस्स पाहिजे."

आता सगळ्यांनी रामकिसनकडे पाहिलं. तो पुरता पेचात पडला. एकीकडे उपाशी लेक, दुसरीकडे आयुष्यभर सांभाळलेली पायरी. "बाई, माझा काय जीव दगडाचा हाय का? पन आज पाव्हण्यानं नेली, तर उद्या ट्रकवाला नेईल. त्याला कोन्त्या तोंडानं अडवू?"

सगुणाबाईंनी विचारलं, "दुकानदारासमोर प्यायची आन् रिकामी हातात द्यायची. हीच रीत ना?"

"बराबर."

"मंग दुकानदारच चालला बाटलीसंगं. तुमी दुकान बघा."

असं म्हणून त्यांनी पदर खोचला, मला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि उचललं. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा ती पायरी उतरले! भीतीने माझी गोटी तोंडाशी घट्ट बसली होती.

एसटीत कंडक्टरने विचारलं, "मावशी, मांडीवर काय घेतलं?"

"अंबडच्या पोरीचे डोहाळे हायेत. आन् हे तिचे मालक," बाईंनी गिरिधररावांकडे बोट दाखवलं. झालं! जी गोष्ट बिचाऱ्याने एका बाकड्यापासून लपवली, ती अख्ख्या गाडीला कळली. एक म्हातारी सुंठ द्या म्हणाली, दुसरी म्हणाली, सुंठ बिलकुल नको. पोरगी की पोरगा यावरून मागच्या सीटवर वाद सुरू झाला. ड्रायव्हर तर एकेक खड्डा असा चुकवत होता, जणू गाडीत बाळंतीणच बसली आहे. तरी एका ठिकाणी गाडी उसळली, आणि सगळ्यांनी एकदम विचारलं, "फुटली का?"

"न्हाई!" सगुणाबाई ओरडल्या. गाडी पुढे निघाली.

प्रेमला खाटेवर पडून होती. सगुणाबाईंनी तिला बसवलं, मला तिच्या हातात दिलं आणि तिचा अंगठा धरून गोटीवर ठेवला. फस्स! ती हसली. एक घोट घेतला, थांबली. रमाबाई परात घेऊन तयार उभ्या होत्या. दुसरा घोट, तिसरा. मी तळापर्यंत रिकामी झाले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग त्या नाजूक पोरीने सासूसमोर अशी सणसणीत ढेकर दिली, की रमाबाईंच्या हातून परात पडली! त्या रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी प्रेमलाने भाकरीचा चतकोर खाल्ला आणि तो पोटात राहिला. मी नुसती काचेची बाटली, पण सांगते, तेवढं सुख मला पुन्हा कधी झालं नाही.

दिवेलागणीला आम्ही परतलो. रामकिसन पायरीवरच बसून होता. "आली का बाटली?" त्याने आधी हे विचारलं, आणि मग खालच्या आवाजात, "राह्यला का पोटात?"

पुढे वर्षं गेली. दुकानादुकानांत प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. आमचं यंत्र गंजलं, माझ्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. मी तेवढी फळीवर उरले, धूळ खात. कुणी मला पुसतही नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

मग दोन हजार सालानंतरच्या एका महाशिवरात्रीला एसटीतून दोघी उतरल्या. प्रेमला, केस पिकू लागलेले, आणि तिची कॉलेजात जाणारी लेक. दोघींनी आल्या आल्या काही मागितलं नाही. बाकड्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, पाऊसपाण्याचं बोलल्या. टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या रामकिसनने मान डोलावली. मग सगुणाबाईंनीच ओळखलं आणि मला खाली काढलं. धुतलं, कवठाचं सरबत भरलं. गॅस नव्हता, फस्स नव्हतं. मायलेकी घोटाघोटाने माझ्यातून प्यायल्या.

सगुणाबाई म्हणाल्या, "बाई, घिऊन जा आता हिला. माझ्यामागं भंगारातच जायची. तुझ्या घरी शोकेसात राहील."

माझ्या मनात काय झालं म्हणून सांगू! काचेचं कपाट, धूळ नाही, रोज कौतुक. प्रेमलाने मला दोन्ही हातांनी धरलं, पदराने कोरडं पुसलं. पायरीपर्यंत गेली. तिथून ती परत वळली आणि मला रिकामंच सगुणाबाईंच्या हातात दिलं.

"मावशी, बाटली पायरी उतरत नाही," ती म्हणाली. "मीच येत जाईन."

"बराबर," रामकिसन म्हणाला आणि उपरण्याने डोळे पुसायला लागला.

ती खरंच दर साली येते. म्हणून अजून मी इथेच आहे, मित्रांनो. तुम्हीही या. आधी बसा, चार शब्द बोला, मग प्या. गोटीचा मोह धरू नका. आणि तुमच्या शेजारी कुणी उतरल्या तोंडाने गोड घोट घेत बसला असेल, तर त्याला विचारा, घरी कोण वाट बघतंय. एवढं झालं की जाताना मला पायरीच्या आत ठेवा.