कळ थांबेपर्यंत

हातमोजा घालण्याआधी त्यात फुंकर मारून फुगवायचा, हवा गळते का बघायचं, हा प्रयोगशाळेतला नियम. तो नणंदेने लावला होता, म्हणूनच भावजयीने आज मुद्दाम पाळला नाही. नणंद रसायनांचं भांडार सांभाळायची, भावजय काचेचे नमुने हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायची, आणि घरचं भांडण रोज डब्यासारखं बरोबर येऊन इथे उघडलं जायचं.

मोज्याला टाचणीएवढं भोक होतं. आम्ल पातळ, लगेच काही कळलं नाही. तासाभराने उजव्या तर्जनीत तापलेली सुई फिरावी तशी कळ उठली. ती नळाखाली बोट धरून उभी राहिली.

"किती वेळ वाहणार ते पाणी?" नणंद दारातून म्हणाली.

"भाजलंय थोडं. तुम्ही नका मध्ये पडू, ताई."

नणंदेने बोट ओढून पाहिलं. टोक पांढरंफटक. तिने पहारेकऱ्याला गाडी काढायला ओरडून सांगितलं. या आम्लावरच्या मलमाची तयार नळी रिकामी निघाली. कुणी संपवली, हा वाद नंतर होणारच होता. भावजयीने दुसऱ्या हाताने कॅल्शियम लिहिलेली बाटली उचलली, तर नणंदेने फटकाच मारला.

"ते क्लोराईड! कातडं आणखी जळेल. हे घे, ग्लुकोनेट. ग्लुकोजच्या आम्लाचं मीठ. कॅल्शियम यातही आहे, पण कातडीशी सौम्य वागतं."

"म्हणजे तुमच्या माहेरचं नव्हे."

"तोंडाला काही झालेलं नाही, बरं आहे." नणंद वंगणाच्या जेलीत ती भुकटी घोटत होती. "ते आम्ल आत शिरून हाडातलं कॅल्शियम खातं. त्याला इथेच खाऊ घालायचं." ती बोटावर मलम चोळू लागली. "दुखतंय?"

"नाही."

"नीट ऐक. याला दुसरं माप नाही. कळ थांबली की मीठ पुरलं. तू खोटं बोललीस तर मी थांबेन, आम्ल थांबणार नाही."

"नाही म्हटलं ना!"

बाळंतपणानंतर नणंद चारचौघांत म्हणाली होती, "हिने सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं." तेव्हापासून नणंदेसमोर 'दुखतंय' म्हणायचं नाही, अशी भावजयीची शपथच होती.

"बरं, राणीसाहेब." नणंदेने हात पुसले.

कळ दुसऱ्या पेरापर्यंत चढली. हेच बोट मुठीत धरून बाळ झोपायचं. डावा हात दिला तर ढकलून द्यायचं.

"दुखतंय."

"ऐकू नाही आलं."

"दुखतंय! मरणाचं दुखतंय! झालं समाधान?"

"नाही झालं. कुठपर्यंत?"

"दुसऱ्या पेरापर्यंत."

नणंद पुन्हा चोळू लागली, जोरात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने नवा मोजा काढला, भावजयीच्या नाकासमोर धरून फुंकर मारून टम्म फुगवला, मग त्यात उरलेलं मलम भरून तिच्या हातावर चढवला.

"डॉक्टरांना सांग, आम्ल कुठलं ते. बधिर करायची घाई करू नका म्हणावं, कळ कळायला हवी. आणि तिथे ओरड. तुला येतं."

"तुम्ही येऊ नका."

"नाहीच येणार. आधी तुझ्यावर तक्रार लिहायचीय."

गाडी फाटकाशी पोचली तशी भावजयीने काच खाली केली. मोज्यातल्या बोटाचा तिने नीट अंदाज घेतला.

"आता नुसतं टोकाला दुखतंय!" शिवी हासडावी तशी ती ओरडली.