माझ्या पोटावरची वपा

"हळू, मुलींनो. आधी वपा उचला, मग आतडी बघा. आणि ओढू नका, पदर आहे तो."

कितीतरी वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कापसात मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुना कापडी देह आहे. मला डोकं नाही, हातपाय नाहीत. गळ्यापासून मांड्यांपर्यंतच काय तो मी. परिचारिकांच्या शाळेत पोट शिकवायला माझा जन्म झाला.

मला घडवलं दोघी बहिणींनी. थोरली त्या शाळेत शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. धाकटी शिवणकाम करायची. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून ताईनं तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, ते नाव तसंच राहिलं. ताईनं कागदावर आकृती काढायची, चिमणीनं ती कापडात उतरवायची. मांजरपाटाची कातडी, तपकिरी मखमलीचं यकृत, गुलाबी सॅटिनची आतडी. शिवताना ती गुणगुणायची,

सुई जाते पुढं पुढं, दोरा येतो मागं,
ताई माझी सांगे जसं, हात तसा वागं.

सगळ्यांत शेवटी आली वपा. पांढऱ्या जाळीचा रुंद तुकडा, त्यावर पिवळ्या लोकरीच्या गाठी. चिमणीनं ती जठराच्या खालच्या कडेला टाचली आणि आतड्यांवर सोडली. कागदावर मात्र खालच्या काठालाही शिलाईची तुटक रेघ होती.

"ताई, खालूनही शिवू?"

ताई वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कागदावर आहे ना? मग शिव की!"

चिमणीनं बारीक धावदोरा घातला.

पहिल्या वर्गाला ती मुद्दाम दाराशी येऊन उभी राहिली, आपलं लेकरू पाहायला आल्यासारखी. बाई रंगात येऊन सांगत होत्या, "वपा म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा. जुन्या वैद्यकात वपावहन म्हणतात तो हाच. खाटकाला विचाराल तर तो म्हणेल, चरबीची जाळी. परीक्षेत वपा लिहा. पण रुग्णाच्या आईशी बोलताना 'पोटातला चरबीचा पदर' म्हणा, उगाच मोठ्या शब्दानं तिचा जीव घाबरवू नका. आणि हा पदर खालून सुटा असतो बरं. पोटात कुठं सूज आली, की तिथं सरकून त्या जागेला झाकून घेतो."

एका मुलीनं वपा उचलायला हात घातला. ती उचलेचना.

"बाई, हिनं तर पदर खोचलाय! भांडायला निघाली वाटतं!"

वर्ग खो खो हसला. बाईंचे कान लाल झाले. पटकन त्या म्हणाल्या, "शिवणाऱ्यांना काय कळतंय! काठ दिसला की मारला दोरा."

'माझी बहीण' म्हणाल्या नाहीत. 'शिवणारे' म्हणाल्या. चिमणीच्या पिशवीत तो कागद होता. तिनं तो काढला नाही. कात्री काढली, चार टाके उसवले आणि म्हणाली, "चुकलं, बाई."

ताई नव्हे, बाई! मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की रेघ कुणाची होती ते. पण कापसाला कुठला आवाज?

त्यानंतर चिमणी शाळेत आली नाही. माझी वर्षं तशी मानाची गेली. शेकडो मुली माझ्या पोटावर शिकल्या, मला 'आमचा पोटोबा' म्हणाल्या. माझी शिवण उसवली की कुणीतरी जाडाभरडा टाका घाली. त्या प्रत्येक टाक्याला मला ती बारीक बोटं आठवत. मग प्लास्टिकचा चकचकीत देह आला आणि मी कपाटावर गेलो. उंदरांनी वपा कुरतडली. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर कापड टाकून ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि त्या कुणाच्या हातच्या आहेत, हे मोठ्यानं सांगत जा.

निवृत्त होताना बाईंनी मला मागून घेतलं. काखेत धरून त्या चालत निघाल्या, त्या थेट एका शिवणाच्या दुकानात. यंत्रावर एक जण वाकली होती, केस पांढरे झालेले. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"या बाई. काय शिवायचंय?"

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. ती बोटं माझ्या पोटावर आली. तीच, बारीक. माझा कापूस न् कापूस जागा झाला.

"काय दशा केलीत हो याची! वपा नवीच करावी लागेल." तिनं जाळी कापली, वरच्या कडेला टाचली. मग म्हणाली, "खालून नाही शिवत. पाठ झालंय मला."

बाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. शेवटी त्यांनी तिचा सुईचा हात धरला.

"चिमणे, ती रेघ माझी होती गं. वर्गातच आठवलं होतं मला. पोरी हसतील म्हणून तुझ्यावर ढकललं."